मोटर भरणारी इंद्रायणी

एका वर्षात तिसऱ्यांदा मोटर जळाली, तेव्हा इंद्रायणीनं मनाशी ठरवलं, या खेपेला मोटर दुकानात टाकून घरी यायचं नाही. ती भरून, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळून होईपर्यंत तिथंच बसायचं आणि मिस्त्री नेमकं काय करतो ते आपल्या डोळ्यांनी बघायचं.

हे साल शहाण्णवचं. डिंगोऱ्यात तिचं सासर. नवरा गोरख भोसरीला कंपनीत, पंधरा दिवसांतून एकदा सुट्टीला यायचा. घरी सासू साळुबाई, चार वर्षांची हर्षाली, दोन म्हशी आणि विहिरीवरचं कांदा-टोमॅटोचं रान. हे सगळं इंद्रायणीच्याच अंगावर होतं. विहिरीवर मोटर होती म्हणून रान होतं, आणि मोटर होती की दर चार महिन्यांनी धूर सोडून बसायची. आधीच्या दोन्ही वेळा तिनं वेगवेगळ्या दुकानांत ती भरून आणली होती. दोन्हीकडं एकच उत्तर मिळालं, "व्होल्टेज कमी हाय वहिनी, आमी तरी काय करनार?"

कुणीतरी सांगितलं, पिंपरी पेंढारला हौशीराम मिस्त्री आहे, काम सावकाश करतो, पण त्यानं भरलेली मोटर टिकते. शेजारच्या दोघांना हाताशी धरून तिनं मोटर सोडवली, जीपमध्ये टाकली आणि ओतूरवरून थेट पिंपरी पेंढार गाठलं.

हौशीरामचं दुकान म्हणजे रस्त्याकडेचा एक पत्र्याचा गाळा. आत उघड्या मोटरी, तांब्याच्या तारेची रिळं, वॉर्निशचा उग्र वास, आणि मधे पाटावर बसलेला पन्नाशीचा, हडकुळा, खाकी शर्टातला माणूस. गालात तंबाखू. आवाज घोगरा, घसा बसल्यासारखा. त्यानं मोटरीकडं नुसतं बघितलं. हात लावला नाही.

"लाईट येती तवा मोटर कोन चालू करतं?"

"कोन म्हंजे? मी, नायतर सासूबाई."

"नायतर न्हाई. नेमकं कोन?"

इंद्रायणीला सांगता येईना.

"मग घरी जा. बघ, आन् उद्या ये. तवर मी मोटर उघडत न्हाई."

तिला असा राग आला की मोटर उचलून दुसऱ्या दुकानात न्यावी. पण उचलायची कुणी? ती तणतणत परत आली, तडक विहिरीवर गेली आणि स्टार्टरची पेटी उघडली. आत चालू करायच्या बटनावर बाभळीची एक काडी घट्ट पाचरीसारखी ठोकून बसवली होती.

काडी साळुबाईची होती. "अगं, दर येळंला हिरीवर कोन पळनार? लाईट आली की आपली आपन चालू हुती," साळुबाई म्हणाल्या, जणू मोठी सोय केली होती. आणि सोयच होती ती. फक्त तीन तारांतल्या एकीची वीज वरूनच गेली की स्टार्टरनं मोटर बंद करायची असते, ती या काडीमुळं बंद व्हायची नाही. दोन तारांवर कण्हत, तापत, अखेर जळून जायची.

दुसऱ्या दिवशी इंद्रायणीनं ती काडी नेऊन हौशीरामसमोर ठेवली. तो पहिल्यांदा हसला. मग त्यानं पाना हातात घेतला.

दोन दिवस ती दुकानात बसून होती. जळालेली गुंडाळी छिन्नीनं कशी तोडतात, एकेका खाचेतून काळी तार कशी उपसतात, वेढे कसे मोजतात, नवी तार कशी बसवतात, वरून बांबूची पाचर कशी सारतात, हे सगळं तिनं बघितलं. निघताना ती म्हणाली, "नाना, मला शिकवता का हे?"

"बायामानसाचं काम न्हाई. हात काळं हुत्यात."

"माझं हात काय आता गोरं हायत?"

"जा बाई, जीप सुटंल तुजी."

ती गेली. पण जाताना मनात विषय बंद झाला नव्हता. मोटर चालू झाली, पुन्हा जळाली नाही, आणि ती दोन-तीन महिन्यांतून एकदा, काही ना काही निमित्त काढून, त्या गाळ्यासमोर उतरायची. कधी स्टार्टरची कॉईल आणायला, कधी नुसतीच. हौशीराम तिला शिकवत नव्हता, पण हाकलतही नव्हता. त्याचा आवाज मात्र दर खेपेला जास्त बसलेला असायचा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात ती गेली तर गाळा बंद. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, मिस्त्रीला घशाचा कॅन्सर निघाला, पुण्याला ऑपरेशन केलंय.

दोन महिन्यांनी गाळा उघडल्याचं कळलं तसं ती निघाली. दुकानात शिरली तेव्हा एक शेतकरी हौशीरामशी भांडत होता. म्हणजे भांडत एकटा शेतकरीच होता. हौशीराम पाटावर बसलेला, गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं, फडक्याखाली श्वासाचं भोक. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली होती. हातात शाळेची पाटी. तो घाईघाईनं काहीतरी लिहीत होता, शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि आपलं कुणी ऐकून घेत नाही असं वाटून तो तावातावानं बोलत होता.

इंद्रायणीनं पाटी हातात घेतली. "दादा, मिस्त्री म्हनत्यात, तुमच्या मोटरीचं बेरिंग गेलंय. आतली वायंडिंगची तार चांगली हाय. भरायची गरज न्हाई. बेरिंग बदलून परवा देतो."

शेतकरी एकदम शांत झाला. "असं व्हय? मग ते बोलंना का?"

"त्यांना आता बोलता येत न्हाई."

तो माणूस ओशाळून गेला. तो गेल्यावर गाळ्यात दोघंच राहिली. फडक्याखालून श्वासाचा बारीक आवाज येत होता. इंद्रायणी समोर बसली आणि तिनं मनातलं एका दमात सांगून टाकलं.

"नाना, तुमाला आवाज न्हाई, मला हाय. गिऱ्हाइकाशी मी बोलते. तुमी मला काम शिकवा. फुकट न्हाई शिकवायचं, आन् दयेनं बी न्हाई. तुमची अडचन हाय, माजी बी हाय."

हौशीरामनं पाटी पुसली आणि लिहिलं, "उद्या सकाळी ८."

घरी सांगणं त्याहून अवघड होतं. गोरख त्या आठवड्यात आला होता. जेवता जेवता तो म्हणाला, "परक्या गड्याच्या दुकानात दिवसभर बसनार. लोक काय म्हनतील?"

"मोटर जळाली तवा लोक आलं व्हतं का?"

"आन् म्हशी? पोरगी?"

यावर साळुबाईच बोलल्या. "म्हशी मी बघन. पोरगी बी बघन. जाऊ दे तिला. त्या काडीवरून वरीसभर ऐकून घेतलंय मी, आता एकदा फिटून जाऊ दे."

गोरखला हसू आलं आणि विषय तिथंच मिटला. मनापासून नव्हे, पण मिटला.

पहिल्या दिवशी इंद्रायणी गाळ्यात पोचली तर हौशीरामची बायको कुशाबाई आधीच येऊन बसलेली. पुढ्यात बांबूच्या चिरफळ्या, हातात विळा. ती खाचांत बसवायच्या पाचरी तासत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "मी तुजी राखन कराया बसले न्हाई बरं का. लोकांचं त्वांड बंद कराया बसले. तू तुजं काम शिक." त्यानंतर दोन वर्षं कुशाबाई रोज आली. तिच्या पाचरी इतक्या एकसारख्या असायच्या की नारायणगावच्या दुकानदारांनीही मागवल्या.

हौशीरामची शिकवायची पद्धत त्याच्या नव्या अवस्थेतूनच निघाली. हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन तो बसायचा. एकदा टकटक केलं की चूक. दोनदा केलं की पुढं चल. पाटीवर लिहायचा तो फक्त फार गरज पडली तर. त्यामुळं चूक कुठं आहे हे तो सांगायचाच नाही. टक् असा आवाज यायचा आणि इंद्रायणीला सगळं काम उलटं तपासत जावं लागायचं. पहिल्या महिन्यात तिनं एकच मोटर अकरा वेळा भरली आणि अकरा वेळा उपसली. बोटांना चिरा पडल्या. घरी भाकरी थापताना पीठ त्या चिरांत जाऊन झोंबायचं. एकदा ती चिडून म्हणाली, "अवं, कुठं चुकलं ते तर सांगा!"

त्यानं पाटीवर लिहिलं, "मी नसन तवा कोन सांगनार?"

हे त्यानं रागानं लिहिलं नव्हतं. तारेच्या जाडीचा गेज लिहावा तसं लिहिलं होतं. तिनं बाराव्यांदा सुरुवात केली.

गळ्यातून श्वास घेत असल्यानं हौशीरामचा वास घ्यायचा रस्ताच बंद झाला होता. हे त्यानं दोन महिने कुणाला कळू दिलं नाही. मोटर उघडल्या उघडल्या वास घेऊन जुने मिस्त्री अर्धं निदान करतात. पाणी शिरून जळाली तर वेगळा वास, तापून जळाली तर वेगळा. एक दिवस त्यानं उघडी मोटर तिच्या नाकाशी धरली आणि भुवया उंचावल्या. ती म्हणाली, "कुबट येतंय. वल्या फडक्यावानी." त्यानं दोनदा टकटक केलं. मग ती मोटर हातातच धरून तो जरा वेळ बाहेर रस्त्याकडं बघत राहिला. त्या दिवसापासून दुकानाचा आवाज आणि नाक ही दोन्ही कामं तिची झाली.

नवीन गिऱ्हाईक आलं की मोटर उघडायच्या आधी प्रश्न विचारायचे, हा त्याचा नियम. विहिरीला पाणी किती आहे, चालू कोण करतं, केबल कुठून आणली, मोटर बसवली ती जागा ओली आहे का. लोक वैतागायचे. "अवं ताई, भरून द्या की नुसती." इंद्रायणी आधी त्याच्यासाठी विचारायची. पुढं पुढं तिला स्वतःलाच चैन पडेना.

वर्षभरानं ती सलग मोटर भरू लागली. हौशीराम फक्त शेवटी तपासायचा. आणि नेमकी तेव्हाच तिच्या हातून चूक झाली.

हौशीरामकडं एक जाड वही होती. वीस वर्षांत भरलेल्या प्रत्येक मोटरीची कंपनी, खाचा, वेढे, तारेचा गेज, सगळं त्यात टिपलेलं. रखमाजी नावाच्या गावातल्याच शेतकऱ्याची मोटर आली होती. त्याचा टोमॅटो फुलावर होता आणि तो सारखा चकरा मारत होता. जळकी तार इतकी वितळून एकजीव झाली होती की वेढे मोजायला निम्मा दिवस गेला असता. इंद्रायणीनं वही उघडली, तीच कंपनी, तोच हॉर्सपॉवर सापडला, आणि आकडा तिथून उचलला. हौशीराम त्या दिवशी तपासणीला पुण्याला गेला होता. तिनं मोटर बांधून देऊन टाकली.

चौथ्या दिवशी ती जळाली.

रखमाजीचा माणूस निरोप घेऊन आला, मोटर परत बंद पडलीय म्हणून. इंद्रायणीनं वही काढून पुन्हा बघितली. वहीतली मोटर बारा वर्षांपूर्वीची होती. कंपनीनं मधे तार भरायची आतली बॉडी बदलली होती, वेढे वेगळे लागत होते. ती हौशीरामला म्हणाली, "व्होल्टेज कमी व्हतं म्हनून सांगू का? तिकडं कमीच असतं."

स्क्रूड्रायव्हरचा एक आवाज आला. नेहमीपेक्षा जोरात.

मग त्यानं पाटीवर लिहिलं, "तुला हेच सांगून दोन दुकानांनी मोटर भरून दिली व्हती. तू हितं का आली?"

ती उठली. दुकानात एक जादा मोटर होती, ती तिनं जीपमध्ये टाकली आणि एकटीच रखमाजीच्या रानात गेली. हौशीराम यायला उठला नाही, आणि तिनंही त्याला चला म्हटलं नाही. रखमाजी बांधावर उभा होता. चारी बाजूंना टोमॅटोची फुलं उन्हानं मान टाकून बसलेली.

"मोटर मी भरली व्हती, नानांनी न्हाई," ती म्हणाली. "मी वेढे मोजले न्हाईत. वहीतनं आकडा घेतला. चूक माजी हाय. ही मोटर आत्ता बसवते, तुमची नीट भरून परत आनून देते."

रखमाजी तिला नाही नाही ते बोलला. बाईच्या हातात काम दिल्यावर दुसरं काय होणार, हेही बोलला. ती खाली मान घालून विहिरीवर उतरली, मोटर जोडली, पाणी चालू करून दिलं आणि आठ दिवसांत त्याची मोटर भरून पोचवली. रखमाजी पुन्हा त्या दुकानात कधीच आला नाही. चूक कबूल केली म्हणजे माणूस माफ करतो असं काही नसतं, हेही ती त्यात शिकली. परत आल्यावर तिनं हौशीरामला झालं ते सांगितलं, शिव्यांसकट. त्यानं वही उचलली, कुशाबाईकडं दिली आणि खुणेनं ट्रंकेत ठेवायला सांगितली. वही पुन्हा दुकानात आली नाही. दुसऱ्या दिवशी इंद्रायणीनं ओतूरहून शंभर पानी नवी वही आणली आणि पहिल्या पानावर रखमाजीच्या मोटरीचे स्वतः मोजलेले वेढे लिहिले.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत हौशीरामच्या मानेत पुन्हा गाठ आली. डॉक्टरांनी किरणांचा शेक घ्यायला सांगितलं. त्यानं किती दिवस वाढतील ते विचारलं, उत्तर ऐकलं, आणि पाटीवर लिहिलं, "न्हाई." कुशाबाई रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. त्याचं उत्तर बदललं नाही. आणि दुसऱ्या पाटीवर, ती इंद्रायणीसाठी, त्यानं एक यादी लिहिली. काय काय शिकवायचं राहिलंय त्याची. स्टार्टर उघडून दुरुस्त करणं. रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, तासणं. जुन्या बॉडीला नवी खाच बसवणं. अशा सात गोष्टी होत्या. ती पाटी त्यानं खिळ्याला टांगली आणि एकेक गोष्ट झाली की तो स्वतः उठून ती ओळ बोटानं पुसायचा.

पुढचे पाच महिने त्या गाळ्यात कुणी सुतकी तोंड केलेलं त्याला चालायचं नाही. वॉर्निशची वाफ त्याच्या गळ्यातल्या भोकातून थेट छातीत जाऊन तो खोकत सुटायचा, म्हणून कुशाबाईनं वॉर्निशचं काम गाळ्यामागं नेलं. त्याची खाट दुकानात आली. बसवेना तेव्हा तो आडवा पडून बघायचा. आडवंही बघवेना तेव्हा डोळे मिटून ऐकायचा, आणि तार ओढल्याच्या आवाजावरूनच चूक ओळखायचा. एकदा गावातला एक भला माणूस भेटायला आला. म्हणाला, "मिस्त्री, आता आराम करा, देवाचं नाव घ्या." हौशीरामनं त्याला हातानं जरा बाजूला व्हायला सांगितलं. तो उजेडात उभा होता आणि इंद्रायणीचे हात दिसत नव्हते.

जुलैत त्याला घरी न्यावं लागलं. पाटीवर एक ओळ उरली होती. इंद्रायणी रोज संध्याकाळी भरलेली बॉडी फडक्यात गुंडाळून त्याच्या खाटेशी न्यायची. तो बोटं आत घालून तार बांधलेल्या दोऱ्याची वीण चाचपायचा. हातात स्क्रूड्रायव्हर धरवत नव्हता, मग खाटेच्या लाकडी कडेवर नखानं वाजवायचा. शेवटच्या आठवड्यात एका दिवशी त्यानं बॉडी चाचपून दोनदा वाजवलं आणि पाटी मागितली. उरलेली ओळ त्यानं स्वतः पुसली. मग थरथरत्या अक्षरांत लिहिलं, "सबमर्सिबल मला येत न्हाई. हिकडं आता त्याच यतील. तू शिक."

"कुनाकडं शिकू?" तिनं विचारलं.

त्यानं खांदे उडवले. मग दोन्ही हातांनी काहीतरी उघडल्याची खूण केली. उघड आणि बघ.

चार दिवसांनी, सकाळी, कुशाबाई तोंड धुवायला पाणी घेऊन आली तेव्हा तो गेलेला होता. इंद्रायणी आली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. ती कुशाबाईशेजारी बसली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मोठ्यानं रडली.

तेरावं झाल्यावर मालकानं गाळा मागितला. कुशाबाईनं वेढे घालायचं हाताचं यंत्र, छिन्न्या, तारेची जाडी मोजायचं मायक्रोमीटर, सगळं एका पोत्यात भरून इंद्रायणीपुढं ठेवलं. ट्रंकेतली वही वर ठेवली. "ही बी ने."

"ऱ्हाऊ द्या मावशी तुमच्याकडं. त्यांचं अक्षर हाय त्यात." इंद्रायणीची स्वतःची वही तोवर ऐंशी पानांवर गेली होती.

डिंगोऱ्यात म्हशींच्या गोठ्याची एक बाजू भिंत घालून वेगळी केली आणि तिनं काम सुरू केलं. पहिले तीन महिने एकही मोटर आली नाही. लोक मोटर ओतूरला नेत, नारायणगावला नेत, तिच्या दारावरून नेत. गोरख म्हणाला, "बघ, नाद सोड." ती सकाळी गोठा झाडून घेई, हत्यारं पुसून ठेवी, आणि रानातलं काम उरकून दुपारी पुन्हा तिथं येऊन बसे. मग तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. मोटर दुकानात पुरुष नेतात, पण विहिरीवर बटन दाबायला बायाच जातात. मोटर कशी आवाज करते, कधी कण्हते, कधी झटका देते, हे त्यांनाच ठाऊक असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. ती बायकांना विचारायला लागली. गिरणीत, धुण्यावर, बाजाराच्या जीपमध्ये. "तुमच्या मोटरीचा आवाज कसा येतो?" बाया सांगायच्या. ती म्हणायची, "जळायच्या आधी मला दाखवा." जळायच्या आधी बघितलेल्या मोटरींना पुष्कळदा फक्त बेरिंग लागायचं, नाहीतर केबलचा एक सांधा. अशी चार-पाच घरं वाचली आणि मग पुरुषही यायला लागले. येताना जरा आडोशानं यायचे, पण यायचे.

दोन हजार दोन-तीनला पाऊस दगा देऊन गेला, विहिरी तळाला गेल्या आणि गावोगाव बोअर पडू लागले. बोअरमध्ये लांबट, बंद, पाण्यातच बुडून चालणारी मोटर बसते. हौशीरामनं सांगितलेली ती सबमर्सिबल हीच. तिची तार वेगळी, प्लास्टिकचं कवच असलेली, आणि बॉडीच्या खाचा बंद, नळीसारख्या. तार वरून बसवता येत नाही, सुईत दोरा ओवावा तशी प्रत्येक खाचेतून ओवून काढावी लागते. विहिरीवरच्या मोटरी बंद पडल्या तसं इंद्रायणीचं काम निम्म्यावर आलं.

ती मंचरला एका वर्कशॉपमध्ये गेली. मालकानं चहा पाजला, पण आत येऊ दिलं नाही. "ताई, हे तुमचं काम न्हाई. आन् असलं काम बघाया कुनी येऊ देत नसतं राव." मग ती नारायणगावच्या भंगारवाल्याकडं गेली आणि एक मेलेली सबमर्सिबल उचलून आणली. गोठ्यात ती उघडली. प्रत्येक भाग कुठून निघाला ते वहीत चित्र काढून टिपलं. तार उपसताना खाचेखाच मोजली. नवी तार ओवली, बॉडीत पाणी भरलं, चाचणीला बल्ब लावला. बल्ब पेटला, म्हणजे तार कुठंतरी उघडी पडली होती. पुन्हा उपसली. दुसऱ्यांदाही पेटला. तिसऱ्यांदा पेटला नाही, पण मोटर बोअरमध्ये सोडल्यावर आठ दिवसांत गेली. तो त्यांच्याच घरचा बोअर होता, तिनं दुसऱ्या कुणाच्या रानात प्रयोग केला नव्हता. चौथ्या खेपेला मोटर चालली. ती आजूबाजूला कुणाला सांगत बसली नाही. सहा महिने चालू दिली, एक पूर्ण उन्हाळा जाऊ दिला, आणि मगच दारावर खडूनं लिहिलं, "सबमर्सिबल भरून मिळेल."

दोन हजार पाचला गोरखची कंपनी बंद पडली आणि तो कायमचा घरी आला. पहिले काही दिवस त्याला काही सुधरेना. सकाळी डबा घेऊन निघायची सवय होती आणि आता जायला जागा नव्हती. गिऱ्हाईक त्याला बघून म्हणायचं, "मिस्त्री, जरा बघा की." तो अवघडून गोठ्याकडं बोट दाखवायचा. एक दिवस इंद्रायणी म्हणाली, "तार ववायला पलीकडनं वढनारं कुनीतरी लागतं. इतके दिस सासूबाई वढायच्या, त्यांचं हात थकलं आता. तुमी बसा."

तो बसला. बॉडीच्या अलीकडं ती, पलीकडं तो. ती तार सारायची, तो ओढायचा. पहिल्याच दिवशी त्यानं जोर लावला आणि कवच खरचटलं.

"एवढंसंच हाय," तो म्हणाला.

"काढा."

"अगं, चाळीस वेढं झाल्यात!"

"चाळीस काढा. माजं अकरा येळा काढलेलं हाय."

तो तार मागं ओढायला लागला. महिनाभरात त्याचा हात बसला. कंपनीत तो वीस वर्षं एकच नट आवळत होता, तो सांगायचा, आणि इथं रोज मोटर निराळी असते.

दोन हजार आठच्या एप्रिलात गावाच्या पाणीपुरवठ्याची मोटर जळाली. सरपंच म्हणाले, तालुक्यातून माणूस येईल, सर्टिफिकेटवाला. माणूस चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी बायका रिकामे हंडे घेऊन ग्रामपंचायतीसमोर जमल्या आणि त्यातल्या एकीनं विचारलं, मोटर भरणारी गावात असताना वाट कुणाची बघताय? सरपंच इंद्रायणीकडं आले. "बिघडली तर जबाबदारी तुजी व्हईल बरं का."

"व्हईल. लिहून घ्या," ती म्हणाली. "फक्त उघडायच्या आधी मला टाकीवरच्या मानसाशी बोलू द्या."

टाकीवर रखवालदार होता, त्याच्याशी ती अर्धा तास बोलली. मग मोटर गोठ्यात आली. साडेबारा हॉर्सपॉवरची, तिनं आजवर भरलेल्यांत सर्वांत मोठी. इंद्रायणी आणि गोरख दोन दिवस समोरासमोर बसून होते. हर्षाली तेव्हा जुन्नरला कॉलेजात होती, ती घरी येऊन दोघांच्या ताटात भाकरी कालवून ठेवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी गोरख आणि चार गडी मोटर घेऊन गेले. इंद्रायणी गेली नाही. एका शेतकऱ्याची मोटर आधीपासून वाट बघत पडली होती, तिची जळकी तार उपसायला ती बसली.

तास-दीड तासानं साळुबाई काठी टेकत चौकातल्या नळावरून आल्या. कमरेवर अर्धा भरलेला कळशीवजा तांब्या. आता त्यांना त्याहून जास्त उचलत नव्हतं. त्यांनी तो उंबऱ्यावर ठेवला आणि धापा टाकत खाली बसल्या.

"आलं बाई पानी," त्या म्हणाल्या. "धार लई मोठी हाय."

इंद्रायणीनं मान हलवली. तिचे ओठ हलत होते, ती वेढे मोजत होती. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस.